पिकाचा केवडा ओळखता, घरच्या लक्ष्मीचा का नाही?



चुनखडीच्या रानात उसाची कोवळी पाने पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की तुम्ही लांबूनच सांगता, ऊस केवडा पडला. लगेच हिराकस आणायला माणूस धावतो. पण पहाटेपासून राबणाऱ्या घरच्या बाईचा चेहरा फिकट दिसला, तर ‘कामाने झालं असेल, उन्हाने झालं असेल’ असे म्हणून आपण सोडून देतो. खरे तर बहुतेक वेळा दोन्ही दुखण्यांचे मूळ एकच असते, लोहाची उणीव.

ही उणीव थोडीथोडकी नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण शंभरात ६९ होते. म्हणजे हा रोग दूरच्या कोणाचा नाही, आपल्याच उंबऱ्याच्या आतला आहे.

कसा ओळखावा?

खालची पापणी ओढून आत पाहा. ती लालसर न दिसता पांढरट दिसते का? जीभ आणि नखे फिकी आहेत का? पाण्याची घागर आणताना दम लागतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, चिडचिड होते. काहींना माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. ती वाईट खोड समजून रागावू नका, तेही रक्त कमी असल्याचे लक्षण असू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचे ११ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे असे समजावे. गरोदरपणी ही हेळसांड फार महागात पडते. मूल कमी वजनाचे जन्मते आणि बाळंतपणात रक्त गेले तर आईच्या जिवावर बेतते.

लोह असते, पण लागू पडत नाही

चुनखडीच्या जमिनीत लोह नसते असे नाही. चुनखडीमुळे ते पिकाला घेता येत नाही. आपल्या ताटाचेही तसेच आहे. बाजरी, कडधान्ये, पालेभाज्या यांत लोह असते, पण त्यातला थोडाच भाग अंगी लागतो. त्यातही जेवणाबरोबर चहा घेतला, तर चहातले तुरट द्रव्य ते लोह बांधून टाकते. सकाळची चहा-चपाती आणि जेवणावरचा चहा ही आपल्या ताटातली चुनखडीच समजा. चहा सोडा असे मी म्हणणार नाही. फक्त जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर ठेवा.

आता यावरचा उपाय. हिराकसच्या फवाऱ्यात आपण सायट्रिक आम्ल घालतो. ते लिंबातलेच आम्ल. ताटातही लिंबू पिळा. त्यातल्या आम्लाने आणि ‘क’ जीवनसत्त्वाने लोह अंगी लागायला मदत होते. आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो, कोथिंबीर यांचाही तोच गुण. मटकी-मूग भिजवून, फडक्यात बांधून मोड आणले, की त्यांतले लोहही अधिक लागू पडते.

ताटात काय असावे?

राबत्या बाईला दिवसाला सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागते, गड्याला १९. दर महिन्याला रक्त जाते म्हणून बाईची गरज मोठी. बाजरीच्या दोन मध्यम भाकऱ्यांतून अंदाजे ८ मिलिग्रॅम लोह मिळते. तेवढ्याच वजनाच्या पांढऱ्या तांदळातून एक मिलिग्रॅमही मिळत नाही. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी करतो ती एका दिवसापुरती राहू नये. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, म्हणून आठवड्यापुरतेच दळा.

बियाणे घेतानाही याचा विचार करा. महाराष्ट्रात ‘धनशक्ती’ हा जादा लोह असलेला बाजरीचा वाण आला. पुढे परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘एएचबी १२०० एफई’ हा संकरित वाण दिला. घरी खाण्यापुरते तरी यातले पेरा.

भाकरीसोबत तीळ किंवा कारळ्याची चटणी, हरभऱ्याचा पाला, राजगिरा, शेवग्याचा पाला असू द्या. सांडपाण्यावर परसात एक शेवगा आणि एक लिंबू सहज जगते. मांसाहार चालत असेल तर मटण, मासळी उत्तम, कारण त्यातले लोह सहज लागू पडते. भाजी लोखंडी कढईत करा. रंग पाहून बिटावर मात्र भिस्त ठेवू नका, त्यात लोह बेताचेच.

गोळी आणि चप्पल

रक्त बरेच कमी असेल तर नुसत्या आहाराने भागत नाही. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात, आशाताईंकडे मोफत मिळतात. गरोदर बाईने रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस घ्यावी. गोळी चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये. शौचाला काळे होते, त्याला भिऊ नये. मळमळ झाली तर जेवणानंतर घ्यावी, पण बंद करू नये. अनवाणी चालल्याने मातीतला आकडी जंत पायातून शिरतो आणि आतड्यात रक्त पितो. म्हणून रानात चप्पल, घरोघर संडास आणि मुलांना वेळच्या वेळी जंताची गोळी हवी. एवढे करूनही रक्त वाढले नाही, तर सिकलसेलसारखा दुसरा आजार नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्या.

शेवटचे ताट

बहुतेक घरांत बाई सगळ्यांचे झाल्यावर जेवते. तोवर उसळीचे भांडे खरवडलेले असते आणि तिच्या वाट्याला भाकरी, मिरचीचा ठेचा आणि चहा उरतो. अशा वेळी बाजरी कितीही चांगली पिकवा, जिला तिची सर्वांत जास्त गरज तिच्याच पोटात ती पुरेशी जात नाही. म्हणून बंधूंनो, आज रात्री पंगतीला बसण्यापूर्वी तिची उसळ, तिची पालेभाजी, तिची लिंबाची फोड आधी काढून ठेवा. जमले तर सगळेच एकत्र बसा. या फवाऱ्याला पैसा लागत नाही, आठवण ठेवावी लागते.