पदाची वस्त्रे आणि ‘इन्व्हेस्ट’

वैशाखऱ्याहून नाणेघाटाची चढण चढून माथ्यावरील लेण्यात गेले, म्हणजे सातवाहन राजकुलातील मूर्तींची तेवढी नावे भिंतीवर वाचावयास मिळतात. मूर्ती भंगून गेल्या, कोठे नुसती पावले उरली, अंगावरील वस्त्रांचा तर मागमूसही राहिला नाही. तेथीलच नागनिका राणीच्या लेखात राजसूयाचा उल्लेख आहे. आणि राजसूयात अभिषेकापूर्वी राजाला तार्प्य नावाचे वस्त्र नेसवीत, असे शतपथ ब्राह्मण सांगते.

हे ध्यानी घेतले, की ‘इन्व्हेस्ट’ या इंग्रजी शब्दाविषयीचा एक रूढ गैरसमज सहज निरसतो. पैसा गुंतविणे हा त्याचा मूळ अर्थ आणि एखाद्यास अधिकारपदी बसविणे हा त्यावरून निघालेला दुय्यम अर्थ, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. लॅटिनमध्ये ‘वेस्टिस’ म्हणजे वस्त्र. पदाची वस्त्रे लेववून अधिकार देणे, हा अर्थ १६०० साली ईस्ट इंडिया कंपनी जन्मास येण्यापूर्वीच इंग्रजीत होता. द्रव्याचा अर्थ पुढे पौर्वात्य व्यापाराच्या पत्रव्यवहारात, बहुधा इटालियन वापरावरून आला. भांडवलाने नाण्याचा वेश टाकून मालाचा वेश घ्यावयाचा, अशी ती कल्पना.

पेशवाईची ‘वस्त्रे’ हा या शब्दाचा तर्जुमा असावा, हाही भ्रमच. राजाने अंगावरील वस्त्र उतरवून द्यावे, ही कल्पना ‘खिलत’ या अरबी शब्दातच आहे, आणि तो शिरस्ता फारसी दरबारांतून आपल्याकडे रुळलेला होता.

परंतु सर्वांत खोल रुजलेला गैरसमज असा, की ही वस्त्रे म्हणजे शालश्रीफळासारखा सत्कार. आज नव्या सरपंचाच्या डोक्यावर फेटा बांधतात, तो खरोखर सत्कारच. त्याचा अधिकार निवडणुकीतून आलेला असतो. पेशव्यांचे तसे नव्हते. १७१३ मध्ये मांजरीस बाळाजी विश्वनाथांना आणि १७२० मध्ये मसुरास बाजीरावांना शाहू महाराजांनी वस्त्रे दिली, तीच नेमणूक होय. म्हणूनच १७७३ मध्ये रघुनाथरावांनी वस्त्रे मिळविली असताही, पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांसाठी कारभाऱ्यांनी पुढच्याच वर्षी साताऱ्याहून ती पुन्हा आणविली. पेशवे त्या दिवशी चाळीस दिवसांचे होते, कुंचीतले बालक; शेला आणि शिक्का-कट्यार त्यांच्या नावे स्वीकारली गेली, आणि तेव्हापासून दौलतीचा कारभार त्यांच्या नावाने चालू लागला.