बदलाचे नेतृत्व आणि बदलाची भाषा



'नेतृत्व' या शब्दाच्या मुळाशी 'नी' हा संस्कृत धातू आहे. त्याचा अर्थ 'नेणे'. या क्रियेत तीन घटक गृहीत असतात : नेणारा, ज्यांना न्यायचे ते आणि जेथे न्यायचे ते ठिकाण. जागतिक स्पर्धेत संघटना बदलताना पहिल्या आणि तिसऱ्या घटकाविषयी पुष्कळ बोलले जाते. दुसरा घटक मात्र दुर्लक्षित राहतो. बजाज ऑटो या पुण्यातील कंपनीच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ.

१९७२ साली या कंपनीची 'चेतक' स्कूटर बाजारात आली. परवाना पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा होत्या आणि मागणी मोठी होती. त्यामुळे नोंदणी केल्यावर ग्राहकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर ही स्थिती पालटली. ग्राहक कमी इंधनात अधिक अंतर कापणाऱ्या मोटारसायकलींकडे वळला. जपानी होंडा कंपनीची भागीदारी असलेली हीरो होंडा पुढे निघून गेली. २००१ मध्ये बजाजने 'पल्सर' ही मोटारसायकल आणली, तर २००९ मध्ये स्कूटरचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय राजीव बजाज यांनी जाहीर केला. त्यांचे वडील राहुल बजाज यांनी या निर्णयाविषयीचे आपले दुःख लपवले नाही.

हा मतभेद केवळ नफ्यातोट्याचा नव्हता. 'आपण कोण?' हा प्रश्न त्यामागे होता. संघटना आपली ओळख एखाद्या वस्तूशी जोडते, तेव्हा त्या वस्तूचा त्याग तिला स्वतःचा त्याग वाटतो. तीच ओळख कौशल्याशी जोडलेली असेल, तर वस्तू बदलूनही संघटना टिकते.

आता दुसऱ्या घटकाकडे वळू. २००७ मध्ये आकुर्डी येथील कारखान्यातील उत्पादन थांबले आणि कामगारांसाठी स्वेच्छानिवृत्ती योजना आली. 'स्वेच्छा' म्हणजे स्वतःची इच्छा. जेथे कामच उरणार नाही, तेथे इच्छेला वाव किती, हा प्रश्न हा शब्द ऐकताना मनात उभा राहतो. बदलाच्या काळातील शब्द असे तपासून पाहावे लागतात.

पुढील दोन काल्पनिक वाक्ये पाहा :

(अ) विभाग बंद करण्यात येत आहे.
(आ) हा विभाग आम्ही बंद करीत आहोत. याची झळ तुम्हांला बसेल, म्हणून पुढील सहा महिने आम्ही तुम्हांला नवे काम शिकवू.

पहिल्या वाक्यात कर्ता लुप्त आहे; निर्णय जणू आपोआप घडला. दुसऱ्यात कर्ता आहे, ज्यांना झळ बसणार तेही आहेत, आणि पुढची वाटही आहे. कटू निर्णय दुसऱ्या वाक्याने गोड होत नाही. परंतु त्याची जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट होते. विश्वास तेथूनच सुरू होतो.

२०२० मध्ये 'चेतक' विजेवर चालणारी स्कूटर म्हणून परतली आणि २०२२ मध्ये आकुर्डीतच तिच्या निर्मितीचा नवा कारखाना सुरू झाला. नाव परतले, जागाही परतली. ज्यांची नोकरी तेथे संपली, त्यांची मधली वर्षे मात्र परतत नाहीत. म्हणून बदलाचे मोजमाप करताना संघटना टिकली का, एवढेच विचारून थांबू नये. तिने कोणाला बरोबर नेले, हेही विचारावे.

स्वाध्याय : तुमच्या कामाच्या ठिकाणची बदलाविषयीची एखादी सूचना मिळवा. तिच्यातील कर्ता शोधा. तो लुप्त असल्यास, कर्त्यासह ती सूचना पुन्हा लिहा.