पाच प्रकरणं, पाच फाइल्स आणि एकच फॉरमॅटिंग

एरवी या ब्लॉगवर मी जीवाणूंबद्दल लिहिते. आज वर्डबद्दल लिहिणार आहे, कारण गेल्या महिन्यात माझ्या थिसिसमधले जवळजवळ दहा लाख जीवाणू एका रात्रीत गायब झाले आणि ते कुठल्याही औषधाने मेले नव्हते.

तर झालं असं. माझ्या थिसिसची पाच प्रकरणं पाच वेगळ्या फाइल्समध्ये होती. काही घरच्या लॅपटॉपवर लिहिलेली, काही लॅबच्या कॉम्प्युटरवर. एकत्र ठेवून पाहिली तर दर प्रकरणाचं शीर्षक वेगळ्या आकाराचं, ओळींमधलं अंतर वेगळं. रात्री अकरा वाजता वैतागून मी चौथ्या प्रकरणातला सगळा मजकूर सिलेक्ट केला आणि कंट्रोल-स्पेसबार दाबलं. हाताने दिलेलं अक्षरांचं सगळं फॉरमॅटिंग एका फटक्यात गेलं. पान स्वच्छ दिसायला लागलं, मी खूश होऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तक्त्यावर बोट ठेवलं. "सुरुवातीला मिलिलिटरमागे फक्त १०६ जीवाणू टाकले होते?"

टाकले होते दहाचा सहावा घात, म्हणजे दहा लाख. दहाच्या डोक्यावरचा बारीक ६ खाली उतरून शेजारी बसला होता. जीवाणूंच्या शास्त्रीय नावांचे तिरपे टाइपही सरळ झाले होते. मॅडमच्या नजरेतून सुटलं असतं तर ते तसंच परीक्षकांकडे गेलं असतं. फॉरमॅटिंग म्हणजे नटवणं, असं मी समजत होते. विज्ञानाच्या लेखनात ते अर्थाचा भाग असतं, हे त्या दिवशी कळलं.

गडबड नेमकी कुठे होते?

वर्डची फाइल म्हणजे खरं तर एक झिप फाइल असते. तिची एक प्रत काढून तिच्या नावातलं शेवटचं 'डॉकएक्स' बदलून 'झिप' केलंत, तर ती उघडून आत बघता येतं. आत मजकूर एका फाइलमध्ये असतो आणि स्टाइल्सच्या व्याख्या दुसऱ्या फाइलमध्ये. मजकुराच्या परिच्छेदावर फक्त चिठ्ठी असते: 'ही हेडिंग १'. हेडिंग १ म्हणजे कुठला फॉन्ट, किती आकार, वर-खाली किती जागा, हे त्या दुसऱ्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

हे गोड्या मसाल्यासारखं आहे. आमटीच्या कृतीत नुसतं 'गोडा मसाला घाला' असं लिहिलेलं असतं. पण तुमच्या घरचा गोडा मसाला वेगळा आणि माझ्या आजीचा वेगळा. नाव एकच, डब्यातला माल निराळा. पाच प्रकरणं म्हणजे पाच घरं आणि पाच डबे. फाइल्स एकमेकींना जोडल्या तरी डबे आपोआप एक होत नाहीत.

त्यात आपण काय करतो? स्टाइल बाजूला ठेवून शीर्षक सिलेक्ट करतो, बोल्ड करतो, आकार १६ करतो. म्हणजे चिठ्ठी तशीच ठेवून वरून चिमूटभर तिखट टाकतो. हे वरून टाकलेलं तिखट कुठल्या ओळीत आहे आणि कुठल्या नाही, हे नंतर कुणालाच आठवत नाही.

डबा एकच ठेवायचा

उपाय म्हणजे टेम्प्लेट. एक रिकामी फाइल घ्या, त्यात लागतील त्या सगळ्या स्टाइल्स ठरवा (शीर्षकं, मुख्य मजकूर, तक्त्याखालची ओळ, आकृतीची ओळ) आणि ती 'वर्ड टेम्प्लेट' म्हणून सेव्ह करा. नवं प्रकरण नेहमी यातूनच सुरू करायचं.

जुन्या प्रकरणांसाठी 'डेव्हलपर' टॅब लागतो. तो दिसत नसेल तर 'ऑप्शन्स'मध्ये 'कस्टमाइझ रिबन'मधून आणता येतो. तिथे 'डॉक्युमेंट टेम्प्लेट'मध्ये जाऊन आपलं टेम्प्लेट जोडायचं आणि 'ऑटोमॅटिकली अपडेट डॉक्युमेंट स्टाइल्स'वर टिक करायची. मग प्रकरण उघडताना त्याच्या स्टाइल्स टेम्प्लेटप्रमाणे होतात. पुढे काही बदलायचं असेल तर ते फक्त टेम्प्लेटमध्ये बदलायचं.

इथे दोन खड्डे आहेत.

पहिला: स्टाइल बदलण्याच्या खिडकीतही 'ऑटोमॅटिकली अपडेट' नावाची एक टिक असते. ती वेगळी. ती चालू राहिली तर तुम्ही एका परिच्छेदाला केलेला बदल त्या स्टाइलच्या सगळ्या परिच्छेदांना लागतो. ती बंदच ठेवा.

दुसरा: टेम्प्लेट जोडल्याने स्टाइल्स येतात, पण पानाचे समास आणि वरच्या पट्टीतला मजकूर येत नाही. बाइंडिंगसाठी डावीकडे सोडायची जास्तीची जागा प्रत्येक फाइलमध्ये स्वतः तपासावी लागते.

जोडायचं कसं?

वर्डमध्ये मास्टर डॉक्युमेंट नावाची सोय आहे. 'आउटलाइन' दृश्यात जाऊन एका मुख्य फाइलला प्रकरणांच्या फाइल्स जोडता येतात. मास्टरमधून पाहिलं की मास्टरच्या स्टाइल्स दिसतात आणि तेच प्रकरण सुटं उघडलं की त्याच्या स्वतःच्या. त्यामुळे 'काल तर बरोबर दिसत होतं!' हा संवाद ठरलेला. शिवाय मोठ्या कामात या सोयीमुळे फाइल्स खराब होतात, अशी तिची जुनी ख्याती आहे. मी ती वापरत नाही. प्रकरणं शेवटपर्यंत सुटी ठेवते. मग टेम्प्लेटमधून एक नवी फाइल काढून 'इन्सर्ट'मधल्या 'टेक्स्ट फ्रॉम फाइल'ने एकेक प्रकरण ओळीने आत घेते. स्टाइलचं नाव दोन्हीकडे तेच असेल तर नव्या फाइलची व्याख्या लागू होते. मूळ फाइल्सना हात लागत नाही.

लिबरऑफिस रायटर वापरणाऱ्यांचं जरा बरं आहे. तिथल्या मास्टर डॉक्युमेंटमध्येही नाव सारखं असेल तर मास्टरची व्याख्या चालते. पण अट तीच: नाव अक्षरशः सारखं हवं. एका फाइलमध्ये 'तक्ता-ओळ' आणि दुसरीत 'तक्ता ओळ' असेल तर त्या दोन वेगळ्या स्टाइल्स झाल्या.

मराठी मजकूर असेल तर

माझ्या परिशिष्टात मराठी प्रश्नावली आहे. तिचा आकार काही केल्या बदलेना. कारण असं की वर्डच्या एकाच स्टाइलमध्ये रोमन अक्षरांसाठी एक फॉन्ट-आकार असतो आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा. स्टाइल बदलताना 'फॉरमॅट'मधून 'फॉन्ट'मध्ये गेलात की 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा भाग दिसतो. दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडा. तिथे फॉन्ट आणि आकार दोन्ही ठरवून टेम्प्लेटमध्ये ठेवा. मंगल आणि कोकिळा हे फॉन्ट एकाच आकारात टाकले तरी पानावर लहान-मोठे दिसतात, म्हणून एकच निवडा. आणि तो फॉन्ट गाइडच्या कॉम्प्युटरवर आहे का, हेही विचारा. नसेल तर वर्ड गुपचूप दुसरा लावतं.

साफसफाईच्या आधी मोजा

आता मी घातांक आणि शास्त्रीय नावं यांच्यासाठी वेगळ्या कॅरेक्टर स्टाइल्स ठेवल्या आहेत. हाताने तिरपं करत नाही. पण कंट्रोल-स्पेसबार त्याही पुसतं, म्हणून ते पूर्ण मजकुरावर कधीही दाबायचं नाही.

शिवाय कुठल्याही मोठ्या बदलाआधी फाइलची प्रत काढते आणि 'ॲडव्हान्स्ड फाइंड'मध्ये शब्द न लिहिता फक्त 'सुपरस्क्रिप्ट' हे फॉरमॅटिंग शोधते. 'फाइंड इन'मधून मुख्य मजकूर निवडला की किती जागा सापडल्या तो आकडा मिळतो. तो वहीत लिहायचा. बदल झाल्यावर पुन्हा शोधायचं. आकडा जुळला तर पुढे, नाही तर जुनी प्रत उघडायची. तिरप्या टाइपांसाठीही असंच.

लॅबमध्ये आपण प्रत्येक प्रयोगाला कंट्रोल ठेवतोच. थिसिसच्या फाइललाही तो लागतो, एवढंच. माझे दहा लाख जीवाणू परत जागेवर आलेत. तक्ता मी मॅडमना पुन्हा दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा वर करून आधी तो बारीक ६ पाहिला.