सदतिसावं वचन गेलं कुठे?

इंग्रजी बायबलच्या एखाद्या आधुनिक प्रतीत नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ उघडा आणि आठवा अध्याय काढा. 36 वं वचन आहे, 38 वं आहे, मधलं 37 वं बहुतेक वेळा सापडत नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या किंग जेम्स बायबलमध्ये मात्र ते व्यवस्थित आहे. मग पहिला संशय येतो तो हाच, की नव्या भाषांतरकारांनी शास्त्राला कात्री लावली.

मराठी वाचकाला हे कोडं खरं तर अवघड जाऊ नये. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत अपपाठ शिरले म्हणून एकनाथांनी शके 1506 मध्ये ती शुद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, तेव्हा व्यासांचा लेखनिक झालेल्या गणपतीची कथासुद्धा मुख्य संहितेतून परिशिष्टात गेली. त्यामागे गणपतीचा द्वेष नव्हता, पोथ्यांचा पुरावा होता.

बायबलचंही तेच झालं. नवा करार मूळचा ग्रीक. 1516 मध्ये इरॅस्मस या डच विद्वानाने त्याची ग्रीक आवृत्ती छापून बाजारात आणली, तेव्हा त्याच्या हाताशी मोजकीच आणि बरीच उशिराची हस्तलिखितं होती. ‘प्रकटीकरणा’ची तर एकच पोथी होती आणि तिचंही शेवटचं पान गायब. गड्याने शेवटची सहा वचनं लॅटिनवरून स्वतःच ग्रीकमध्ये केली आणि छापून टाकली! किंग जेम्सचा नवा करार याच पाठाच्या सुधारलेल्या आवृत्त्यांवर उभा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात सिनाय पर्वताजवळच्या सेंट कॅथरीन मठातलं चौथ्या शतकाचं हस्तलिखित अभ्यासकांसमोर आलं. व्हॅटिकनच्या ग्रंथालयातलं तितकंच जुनं हस्तलिखितही नीट वाचायला मिळालं. 1947 पासून मृत समुद्राकाठच्या गुहांत जुन्या कराराच्या हिब्रू गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यामुळे झालं असं, की जुन्या भाषांतराखालची पोथी वयाने लहान आणि नव्या भाषांतराखालची पोथी वयाने मोठी. सदतिसावं वचन जुन्यातल्या जुन्या पोथ्यांत नाही, म्हणून ते तळटिपेत गेलं. त्याची जागा रिकामी दिसते, कारण वचनांना आकडे फार उशिरा मिळाले. 1551 मध्ये रोबेर एतियेन या फ्रेंच मुद्रकाने नव्या कराराला ते घातले, आणि नंतर ते बदलण्याची सोय राहिली नाही.

‘म्हणजे सगळं भाषांतराचं भाषांतर,’ असंही वर ऐकायला मिळतं. चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या मंडळींचं बायबल लॅटिनवरून केलेलं होतं, आणि कॅथलिकांचं डुए-रॅन्ससुद्धा. एवढ्यापुरतं ते खरं. पण सोळाव्या शतकातल्या विल्यम टिंडल या इंग्रज भाषांतरकारापासून आजवरची बहुतेक प्रमुख प्रॉटेस्टंट भाषांतरं हिब्रू, थोडी अरमाइक आणि ग्रीक यांवरूनच झाली आहेत, आणि आजची कॅथलिक भाषांतरंही तशीच होतात.

या टिंडलपाशी जरा थांबायला हवं, कारण किंग जेम्स बायबलचं श्रेय राजाला देताना आपण त्याला विसरतो. पहिल्या जेम्स राजाने एक ओळही भाषांतरित केली नाही. जानेवारी 1604 मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या बैठकीत जॉन रेनल्ड्स या प्युरिटन पंडिताने नव्या भाषांतराची मागणी केली आणि राजाने ती उचलून धरली. त्यात राजाचा स्वार्थही होता. लोकांच्या घरोघरी असलेल्या जिनिव्हा बायबलच्या समासातल्या टिपा त्याला खुपत होत्या. जुन्या करारातल्या, राजाज्ञा मोडणाऱ्या इजिप्तमधल्या सुइणींचं त्या समर्थन करायच्या. काम केलं वेस्टमिन्स्टर, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज इथल्या सहा गटांनी. त्यांतल्या 47 विद्वानांची नावं ठाऊक आहेत. पण 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार त्यांच्या नव्या करारातले सुमारे 83 टक्के शब्द विल्यम टिंडलचे निघाले. टिंडलने आपला इंग्रजी नवा करार 1526 मध्ये जर्मनीतल्या वर्म्स शहरात छापला होता. इंग्लंडमध्ये बिशपच्या परवानगीशिवाय बायबलचं इंग्रजी करायला 1409 पासून मनाई होती, म्हणून परदेशी जावं लागलं. गठ्ठे चोरून मायदेशी गेले आणि तिथे जाळलेही गेले. ऑक्टोबर 1536 मध्ये ब्रसेल्सजवळ फिलफोर्डे इथे आधी गळा आवळून मग टिंडललाही जाळण्यात आलं. इथेही एक दुरुस्ती करायला हवी. त्याच्यावरचा आरोप ल्यूथरच्या मतांचा पुरस्कार करणारा पाखंडी असल्याचा होता, निव्वळ भाषांतराचा नव्हता. तरी ‘चर्च’ऐवजी ‘मंडळी’ आणि ‘प्रीस्ट’ऐवजी ‘वडील’ अशा अर्थांचे शब्द वापरणारा माणूस धर्मसत्तेला परवडणारा नव्हता. पुढे जेम्स राजाने आपल्या विद्वानांना घालून दिलेल्या नियमांत ‘चर्च’ हा शब्द कायम ठेवा, असं बजावलेलं होतं. भाषांतरात राजकारण कुठून शिरतं ते यावरून कळतं.

आज दुकानात मिळणारी किंग जेम्सची प्रत 1611 च्या पहिल्या छपाईची नसते, हेही सांगून ठेवतो. ती बहुधा 1769 मध्ये ऑक्सफर्डच्या बेंजामिन ब्लेनीने दुरुस्त केलेली असते.

किंग जेम्समधल्या ‘दाऊ’ आणि ‘दी’ या सर्वनामांबद्दलचा गैरसमज मला सगळ्यांत गमतीदार वाटतो. देवासाठी खास राखून ठेवलेले हे आदरार्थी शब्द, असं भल्याभल्यांना वाटतं. प्रत्यक्षात ‘दाऊ’ म्हणजे आपला साधा ‘तू’. त्या बायबलमध्ये देवालाही दाऊ, नोकरालाही दाऊ आणि सैतानालाही दाऊ. विठ्ठलाला अरे-तुरे करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. शिवाय एकवचन आणि अनेकवचन वेगळं दाखवण्याची त्यात सोय होती. लूकच्या 22 व्या अध्यायात येशू पेत्राशी बोलताना सैतानाने ‘तुम्हा सगळ्यांना’ मागितलं आहे, पण मी ‘तुझ्यासाठी’ प्रार्थना केली आहे, असं सांगतो. आधुनिक इंग्रजीत दोन्हीकडे ‘यू’च येतो, आणि तळटीप नसेल तर हा फरक पुसला जातो. मराठी बायबल वाचणाऱ्याला तो अनायासे मिळतो.

‘शब्दशः तेच अचूक’ हा समजही असाच तपासून घ्यावा. हिब्रूत मनातल्या खोल भावना मूत्रपिंडांत राहतात. आपण काळीज तुटल्याचं सांगतो, त्याचं इंग्रजी करताना ‘लिव्हर’ लिहिलं तर? शब्दशः म्हणून मिरवलं जाणारं किंग जेम्ससुद्धा सोयीने वाकतं. पौलाच्या पत्रांत ‘असं न होवो’ अशा अर्थाचे ग्रीक शब्द येतात, तिथे त्याने मुळात नसलेला देव आणून बसवला. उलट जुन्या करारातल्या रानबैलाचा, जुन्या ग्रीक भाषांतराच्या वाटेने जाऊन, त्याने एकशिंगी घोडा करून ठेवला.

मग घ्यायचं कोणतं? इंग्रजी गद्याचा नाद कानात भरायचा असेल तर किंग जेम्स घ्यावं, त्याला तोड नाही. पण अर्थासाठी त्यावर विसंबू नये. त्यातला ‘प्रिव्हेंट’ पुष्कळदा ‘आधी जाणे’ या अर्थाने येतो, तर ‘सफर’ ‘करू देणे’ या अर्थाने. अभ्यासाला 1989 चं न्यू रिवाइज्ड स्टँडर्ड किंवा त्याची 2021 ची सुधारित आवृत्ती घ्यावी. सलग वाचनाला न्यू इंटरनॅशनल बरं. इंग्रजी बेताचं असेल तर गुड न्यूज. यूजीन पीटरसन यांचं ‘द मेसेज’ हे एका माणसाने स्वतःच्या बोलीत केलेलं मुक्त रूपांतर आहे. ते आनंदाने वाचावं, वादात पुरावा म्हणून काढू नये. कॅथलिक वाचकाने 66 ऐवजी 73 पुस्तकांची प्रत मागावी. आणि ती जादा पुस्तकं कॅथलिकांनी मागाहून घुसडली असं कुणी म्हणालं, तर 1611 च्या किंग जेम्समध्येही ती दोन करारांच्या मध्ये छापलेली होती, हे त्याला सांगावं.

वांद्र्याच्या किंवा पणजीच्या चर्चमध्ये इंग्रजी मिस्साला वाचली जाणारी वाचनं 2020 पासून इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जनच्या कॅथलिक आवृत्तीतून येतात. तिची वंशावळ रिवाइज्ड स्टँडर्डकडून किंग जेम्सकडे आणि तिथून टिंडलकडे जाते. म्हणजे पाखंडी ठरवून जाळलेल्या त्या माणसाचे काही शब्द आता कॅथलिक वेदीवरून वाचले जातात. प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय असेल, तर वाचक छत्तिसाव्या वचनावरून थेट अडतिसाव्यावर जातो.