औषधाची चिठ्ठी

ज्या घरांत औषधांचा डबा नाहीं असें सुशिक्षित घर आज शोधूनही सांपडावयाचें नाहीं. त्या डब्यांत गेल्या पावसाळ्यांतील तापाच्या उरलेल्या चार गोळ्या असतात, आजोबांच्या रक्तदाबाची पट्टी असते, आणि तळाशीं घडी पडलेली एखादी जुनी चिठ्ठीही असते. या चिठ्ठीसंबंधींच आज आम्ही वाचकांशीं चार शब्द बोलणार आहों. वाण्याच्या यादीप्रमाणें आपण तिच्याकडे पाहतों. परंतु प्रसंगीं तिच्यावर माणसाचें जीवित अवलंबून असतें.

आमच्या परिचयांतील एका कुटुंबाची हकीकत सांगतों. घरच्या आजीबाईंस संधिवाताचा विकार होता. डॉक्टरांनीं त्यांस मेथोट्रेक्झेट नांवाची गोळी आठवड्यांतून एकच वार, व फॉलिक ॲसिडची गोळी इतर दिवशीं घेण्यास सांगितलें होतें. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळ्या. सूनबाई दर रविवारीं स्वतःच्या हातानें ती गोळी देत. एकदां त्या माहेरीं गेल्या असतां हें काम कॉलेजांत शिकणाऱ्या नातवाकडे आलें. गोळ्या संपल्या म्हणून त्यानें जुनी चिठ्ठी दुकानांत दाखविली. दुकानदारानें कांहीं न विचारतां नवी पट्टी हातीं ठेविली. चिठ्ठीवरील ‘आठवड्यास एक’ हे शब्द घाईच्या अक्षरांत लोपून गेले होते. नातवानें मोठ्या निष्ठेनें आजीस ती गोळी रोज दिली. आठव्या दिवशीं त्यांचें तोंड फोडांनीं भरलें, घांस गिळवेना, ताप चढला. रुग्णालयांत रक्त तपासलें तेव्हां त्यांतील पांढऱ्या पेशी अगदीं कमी झाल्याचें आढळलें. तीन आठवड्यांच्या उपचारांनंतर त्या बचावल्या, हें त्या घराचें सुदैव.

हें औषध वाईट नव्हे. शरीरांत वेगानें वाढणाऱ्या पेशींस तें आवर घालतें. मध्यें सहा दिवस मिळाले म्हणजे निरोगी पेशी सांवरतात. तो अवकाश न मिळाल्यास तेंच औषध विष होतें. वरील हकीकतींत डॉक्टर विद्वान होते, दुकानदार परवानाधारक होता आणि नातू प्रेमळ होता. तिघांपैकीं एकानेंही क्षणभर थांबून विचारपूस केली असती, तर अनर्थ टळला असता.

औषधांच्या विक्रीवर सरकारी निर्बंध कशास हवेत, असें कित्येकांस वाटतें. त्यांनीं १९३७ सालची अमेरिकेंतील हकीकत जाणून घ्यावी. सल्फानिलामाइड हें त्या काळचें नवें गुणकारी औषध मुलांस पिण्यास सोपें जावें म्हणून एका कारखान्यानें तें डाय-एथिलीन ग्लायकोल या गोड द्रवांत विरघळविलें. तो द्रव मूत्रपिंडांचा नाश करणारें विष होता. पण विक्रीपूर्वीं त्याची परीक्षा कोणीं केली नाहीं, व तशी ती करावी असा कायदाही नव्हता. शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत मुलें पुष्कळ होतीं. सरकारास तो माल जप्त करतां आला तोही केवळ नांवाच्या चुकीवरून. बाटलीवर ‘एलिक्झर’ असें छापलेलें, आणि आंत मद्यार्क नाहीं, एवढाच काय तो गुन्हा! पुढील वर्षीं तेथें नवा कायदा झाला, आणि औषध निर्धोक आहे हें आधीं दाखविण्याचा भार उत्पादकावर पडला.

आपल्या देशांत कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं १९३० सालीं चौकशी समिती नेमली गेली, व १९४० सालीं औषधांचा कायदा झाला. तरीही १९८६ सालीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत त्याच विषानें दूषित झालेलें ग्लिसरीन देण्यांत आल्यानें १४ रुग्ण मृत्युमुखीं पडले, व न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगास त्याची चौकशी करावी लागली. पुनः २०२५ सालीं मध्यप्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांत खोकल्याच्या औषधांतून तेंच विष वीसांहून अधिक बालकांच्या पोटांत गेलें. त्यांतील पुष्कळांस उपचारांसाठीं नागपुरास आणलें होतें. तशा मिश्रणांतील क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन हीं द्रव्यें एकत्र असलेलें औषध चार वर्षांखालील मुलांस देऊं नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश २०२३ सालींच निघालेला होता. नियम कागदावर राहिला म्हणजे त्याचें मोल काय राहतें, हें यावरून दिसून येईल.

आतां कायदा काय सांगतो तें पाहूं. ‘एच’ परिशिष्टांतील औषधें नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकतां येत नाहींत. चिठ्ठीवर तारीख, सही, रुग्णाचें नांव व औषधाचें प्रमाण हवें. पुनः द्यावें असें डॉक्टरांनीं स्वतः लिहिलें नसेल, तर एका चिठ्ठीवर औषध एकदांच द्यावयाचें. लिहिलेल्या औषधाऐवजीं दुसरें ‘तसलेंच’ देण्याची मुभा दुकानदारास नाहीं. २०१४ पासून अमलांत आलेल्या ‘एच-१’ परिशिष्टांत कित्येक प्रबळ प्रतिजैविकें, क्षयावरील औषधें व संवय लावणाऱ्या गोळ्या आहेत. त्यांची विक्री वेगळ्या वहींत डॉक्टरांच्या व रुग्णाच्या नांवासह नोंदून ती वही तीन वर्षें जपावी लागते. ‘एक्स’ परिशिष्टांतील औषधांस तर चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात. डॉक्टरांनीं औषधांचीं मूळ नांवें सुवाच्य, शक्यतों इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावींत, असा नियम २०१६ सालीं झाला. महाराष्ट्रांत दुकानांवर देखरेख ठेवण्याचें काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

हे नियम आपणच किती वेळां मोडावयास लावतों, याचा विचार वाचकांनीं करावा. “चिठ्ठी घरीं राहिली, नेहमींचीच गोळी आहे,” असें म्हणून आपण दुकानदारास भीड घालतों, आणि चिठ्ठी मागणाऱ्या प्रामाणिक दुकानदारास चढेल ठरवितों. पडशाला विषाणू कारण असतो व त्यावर प्रतिजैविक चालत नाहीं, हें ठाऊक असूनही डॉक्टरांनीं तें न लिहिल्यास आपण नाराज होतों. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांनाच बजावलें होतें कीं, अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, उलट ते औषधास दाद देईनासे होतात. डब्यांत उरलेल्या दोन गोळ्यांवर ताप घालविणारा गृहस्थ घरांत नेमके असेच जंतु पोसत असतो.

मग गृहस्थानें व गृहिणीनें काय करावें? डॉक्टरांसमोरून उठण्यापूर्वीं चिठ्ठी त्यांच्यादेखत वाचून दाखवावी. कोणतें औषध, कशासाठीं, दिवसांतून किती वेळां, किती दिवस, हें विचारण्यांत अनादर नाहीं. आधींपासून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, वैद्यांच्या काढ्यांसह, त्यांच्यापुढें ठेवावी. गरोदरपण अथवा पूर्वीं एखादें औषध बाधलें असल्यास तें न विचारतां सांगावें. तापाच्या व सर्दीच्या निरनिराळ्या गोळ्यांत पॅरासिटामॉलच असल्यानें नकळत दुप्पट मात्रा पोटांत जाऊन यकृतास अपाय होऊं शकतो. म्हणून छापील मूळ नांव पाहावें. दुकानांतून बिल घ्यावें. त्यावर औषधाचा खूणक्रमांक असतो, व माल सदोष ठरल्यास तो तेथूनच ओळखतां येतो. शेजाऱ्याची चिठ्ठी आपली मानूं नये, आणि आठवड्यास घ्यावयाच्या गोळीच्या पट्टीवर वाराचें नांव ठळक लिहून ठेवावें.

त्या आजीबाईंच्या घरीं आतां स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद चिकटविलेला आहे. त्यावर नातवाच्या मोठ्या अक्षरांत ‘रविवार’ एवढाच शब्द आहे. त्या घरास हें शहाणपण फार महाग पडलें. आमच्या वाचकांस तें फुकट मिळावें, म्हणून हा लेखनप्रपंच. आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर आपल्या घरचा डबा एकदां उघडून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.