खिशांतला कॅमेरा आणि माजघर

गेल्या दिवाळीस परभणी जिल्ह्यांतील सोनपेठ येथें एका स्नेह्यांच्या घरीं आमचें जाणें झालें. त्यांच्या मातोश्री दोन वर्षांपूर्वीं वारल्या. तेव्हां भिंतीवर लावण्यास तसबीर मिळेना. अखेर लग्नाच्या एका समूहचित्रांतील तुकडा मोठा करून चौकटींत घातला. पन्नासांवर वर्षें ज्यांनीं घर सांभाळलें त्यांचें एकही धड छायाचित्र घरांत नसावें! आम्हांस याचें नवल वाटलें नाहीं. आमच्या घरींही हीच स्थिति आहे.

कॅमेरा दिसतांच आपल्या घरांतील बायका पदर सांवरून ताठ बसतात. ही अडचण जुनीच आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेथील दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनीं १८९२ सालीं हैदराबादेस केवळ स्त्रियांकरितां निराळा स्टुडिओ काढून तो एका इंग्रज बाईंच्या हातीं दिला होता. पण तेथें बाईला कॅमेऱ्याकडे जावें लागे. आतां कॅमेराच तिच्या चुलीपर्यंत येऊं शकतो.

आमच्या खिशांत पॅनासॉनिकचा 'जीएम १' होता. हा २०१३ सालीं निघाला. बॅटरीसह नुसत्या पेटीचें वजन सुमारें २०४ ग्रॅम. मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगामागें तिरपा आरसा असतो व तो प्रकाश वर वळवून डोळ्यापर्यंत पोंचवितो. येथें आरसाच नाहीं. प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो आणि चित्र मागील पडद्यावर दिसतें. आरशाची जागा वांचल्यानें पेटी लहान झाली, तरी भिंगें मात्र बदलतां येतात.

स्नेह्यांच्या काकू खिडकीशीं बसून खसखशीवर अनारसे थापीत होत्या. आम्हीं २० मिलिमीटरच्या चपट्या भिंगानें जवळून त्यांचे हात टिपले. तें भिंग पुष्कळ प्रकाश आंत घेतें. माजघरांतील तेवढा उजेड त्यास पुरला. मग ४५ मिलिमीटरचें भिंग लावून दारांतून, नातवावर रागावतांना, त्यांचा चेहरा घेतला. कळीचा आवाज आधींच बंद केला होता. काकूंनीं नंतर चित्र पाहिलें आणि हळूच म्हणाल्या, "हे तर माझ्या आईचे हात हो!"

फोन असतां हें कशाला, असें कोणी विचारील. उन्हांत फोन पुरेसा आहे. पण या कॅमेऱ्याचा सेन्सर नेहमींच्या फोनमधल्याहून पुष्कळ मोठा असल्यानें अंधाऱ्या खोलींत फरक दिसतो. मात्र याचें उत्पादन थांबलें आहे. जुना घेतांना बॅटरी किती टिकते तें पाहून घ्यावें.

आणखी एक विनंती. चित्रें यंत्रांतच ठेवूं नयेत. वर्षाकाठीं दहा तरी कागदावर छापून, मागें नांव व तारीख लिहून ठेवावीं. काकूंच्या हातांचें चित्र आम्हीं टपालानें सोनपेठेस पाठविलें आहे.