यादी कुणामुळे सरकते?

2016 मध्ये जम्मूची आयआयएम सुरू झाली आणि देशातल्या आयआयएम वीस झाल्या, त्याला यंदा दहा वर्षे होतात. या दहा वर्षांत दर मे-जूनमध्ये घराघरांत तोच प्रश्न ऐकू येतो: वेटिंगला नाव लागले आहे, आता काय करायचे? त्यावर मिळणारा सल्ला बहुतेक वेळा अमेरिकेच्या अनुभवावर बेतलेला असतो. तिथल्या अनेक बिझनेस स्कूलमध्ये प्रतीक्षायादीतल्या उमेदवाराची फाइल पुन्हा पाहिली जाते. त्यामुळे पत्र लिहून नवी बढती कळवता येते, जीमॅट ही प्रवेशपरीक्षा पुन्हा देऊन वाढलेले गुण पाठवता येतात. आपल्याकडे आयआयएमची प्रवेशपरीक्षा कॅट वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात होते. मुलाखत आटोपली की गुणांची बेरीज कायम होते आणि जूनमधले पत्र कितीही कळकळीचे असले तरी क्रमांक जागचा हलत नाही. तरीही असे पत्र लिहून देण्याचे पैसे घेतले जातात, याचा मला राग आहे. आधीच खचलेल्या मुलाच्या आशेवर चालणारा हा धंदा आहे.

यादी इतकी लांबते का, हे आयआयएमच्या वाढीत दिसते. 1961 मध्ये कलकत्ता आणि अहमदाबाद, मधल्या काळात आणखी दोन, 1996 मध्ये कोळिकोड आणि इंदूर. पस्तीस वर्षांत संस्था सहाच. त्या काळात रेंगाळण्यासारखे फारसे नाही. चित्र पालटले ते 2007 ते 2016 या दशकात. शिलाँगपासून जम्मूपर्यंत चौदा संस्था वाढल्या, आपले नागपूर त्यातलेच. 2008 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ओबीसी आरक्षण लागू झाले, तेव्हा जुन्या संस्थांतल्या जागाही वाढवाव्या लागल्या. एवढ्या जागा वाढल्यावर ताटकळणे कमी व्हायला हवे होते. पण वरच्या पर्सेंटाइलच्या त्याच मुलांना एकाच वेळी अनेक ठिकाणांहून बोलावणे येऊ लागले. मुलगा एकच जागा घेणार, बाकीच्या अडकून राहणार. त्याने त्या सोडल्या की खालची यादी सरकणार, आणि हे थेट जुलैपर्यंत चालणार. नव्या संस्थांनी मुलाखती एकत्र घ्यायला सुरुवात केली, निवडयाद्या मात्र आपापल्या ठेवल्या. नेमक्या त्याच दशकात, 2015 मध्ये, आयआयटी आणि एनआयटी यांनी ‘जोसा’ या संयुक्त यंत्रणेमार्फत जागावाटप एकत्र करून दाखवले. त्याआधी, 2007 मध्येच, यूजीसी आणि एआयसीटीई या उच्च व तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थांनी बजावले होते की वर्ग सुरू होण्याआधी कुणी प्रवेश सोडला तर फार तर हजार रुपये कापून शुल्क परत करावे आणि ती जागा प्रतीक्षायादीतल्या उमेदवाराला द्यावी. वाट पाहणाऱ्याचाही हक्क असतो, हे त्या सूचनेत मान्य होते. ती जाण पुढे विरत गेली, याचे दुःख आहे.

यावर स्वायत्ततेचा मुद्दा हमखास पुढे येतो: प्रत्येक संस्थेचे निकष निराळे, कुणी बारावीच्या गुणांना वजन देते, कुणी नोकरीच्या अनुभवाला, मग वाटप एकत्र कसे होणार? पण त्यासाठी निकष एक करावे लागतच नाहीत. संस्थेने आपल्या निकषांवर आपली यादी करावी, मुलाने आपला पसंतीक्रम द्यावा. या दोन्हींचा मेळ घालणारी पद्धत गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी 1962 मध्येच मांडली. अमेरिकेतल्या शिकाऊ डॉक्टरांची रुग्णालये तर 1952 पासून अशा मेळातून ठरतात. मग उमेदवाराच्या हाती काहीच नाही का? थोडे आहे. आपल्या प्रवर्गाची यादी मागच्या वर्षी कुठवर सरकली होती ते शोधावे, यादी सरकेल या आशेवर मिळालेली दुसरी जागा सोडू नये, पैशांची तजवीज आधी करावी, कारण बोलावणे आले की उत्तराला थोडेच दिवस मिळतात. यापुढचे सगळे वरच्या क्रमांकावरच्या मुलांवर अवलंबून असते. अहमदाबादला जायचे पक्के झालेल्याने रायपूरची जागा त्याच दिवशी सोडावी. आणि ती सुटल्याचे, यादी प्रवर्गवार कुठवर आली त्या आकड्यासह, संस्थेने त्याच आठवड्यात सर्वांसाठी जाहीर करावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.